हुन्नर, दाखला आणि परमुलूख



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, हाच खरा रिवाज. आमची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि आमची पुस्तके म्हणजे कामगार कायदे, निवाडे व करारनामे. तेव्हा आमच्या बोलण्यात अलंकार सापडावयाचे नाहीत. विषय मात्र असा आहे की, तो आज पुष्कळ घरांत रात्रीची जेवणे उरकल्यावर निघतो. मुलगा आय.टी.आय. झालेला असतो, चार वर्षे कारखान्यात काढलेली असतात, आणि तो म्हणतो, "जर्मनीला जातो." आई गप्प होते, बाप जमिनीच्या उताऱ्याकडे पाहतो, आणि 'सहा महिन्यांत पाठवतो' असे कोणी एजंट सांगून गेलेला असतो. या घराने काय विचारावे, काय तपासावे आणि कशाची हमी मागावी, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

जर्मनीचेच नाव का? कारण हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठविण्याबाबत समझोता केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट; मुंबईशी तिचे भगिनी-नगरीचे नाते १९६८ पासूनचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तिकडे माणसे म्हातारी होत आहेत आणि हात कमी पडत आहेत. इकडे हात आहेत आणि काम कमी आहे. इतके सरळ गणित दिसले की मध्ये दलाल उभा राहतोच.

पण जर्मनीने परक्या मुलुखातून कामगार बोलावण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९५५ साली पश्चिम जर्मनीने इटलीशी करार केला. मग १९६० साली स्पेन व ग्रीस, १९६१ साली तुर्कस्तान, १९६४ साली पोर्तुगाल आणि १९६८ साली युगोस्लाव्हिया. १९६४ च्या सप्टेंबरात दहा लक्षावा पाहुणा कामगार कोलोनच्या स्टेशनावर उतरला. तो पोर्तुगालचा एक सुतार होता. त्याचे स्वागत करून त्याला एक मोपेड भेट देण्यात आली. त्या काळी अट काय होती? शरीर धडधाकट हवे. इस्तंबूलमध्ये जर्मन कचेरीचे डॉक्टर दात, छाती, डोळे तपासून माणसे निवडीत. आरंभी तुर्की कामगारांसाठी कल्पना अशी होती की, दोन वर्षे काम करावे आणि परत जावे. शिकवून तयार केलेला माणूस घालवावयाचा आणि नवा आणावयाचा, हे मालकांनाच परवडेना. तेव्हा १९६४ साली ती मर्यादा काढली गेली. पुढे नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि ही भरती एका हुकुमाने बंद झाली. तोवर सुमारे १ कोटी ४० लक्ष माणसे आली होती आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लक्ष परत गेली होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, तेव्हाची अट अंगाची होती, आताची अट कागदाची आहे. अंगाची अट सोपी वाटते, परंतु तिच्यात कामगाराच्या हुन्नराला किंमत नव्हती. कागदाची अट कठीण आहे. पण तो कागद हाती असला तर कामगाराला किंमत मागता येते.

आता अटी पाहू. जर्मनीत कुशल कामगारांच्या प्रवेशाचा नवा कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला आणि २०२३ साली तो बराच सैल करण्यात आला. ढोबळ मानाने त्यात चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे आपले शिक्षण जर्मन शिक्षणाच्या बरोबरीचे आहे असे तेथील संस्थेकडून मान्य करून घेणे आणि हातात नोकरीचे पत्र असणे. जर्मन कामगाराचे शिक्षण बहुधा ३ ते साडेतीन वर्षांचे असते आणि त्यातला मोठा भाग कारखान्यातच होतो. आपला फिटर वा इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा. त्यामुळे पुष्कळदा 'अंशतः बरोबरी' असा निकाल येतो. मात्र उरलेली उणीव कामाच्या अनुभवाने भरून काढता येते, अशी तरतूद तेथील कायद्यात आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

दुसरी वाट अनुभवाची. आपल्या देशात सरकारमान्य असे किमान २ वर्षांचे शिक्षण, गेल्या ५ वर्षांत किमान २ वर्षांचा त्या कामाचा अनुभव, आणि ठरलेल्या पातळीवरचे वेतन. ही पातळी दरवर्षी बदलते. २०२५ साली ती वर्षाला ४३,४७० युरो होती. मालक जर युनियनशी झालेल्या सामूहिक कराराने बांधलेला असेल आणि त्या कराराप्रमाणे पगार देत असेल, तर या पातळीचा आग्रह धरला जात नाही. म्हणजे सरकार असे म्हणते की, जेथे युनियनचा करार आहे तेथे कामगाराचे वेतन योग्य आहे असे आम्ही मानतो. आमच्या चळवळीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असावयाचे?

तिसरी वाट अशी की, मालक आणि कामगार यांनी आपसांत करार करून आधी नोकरीवर यावयाचे आणि शिक्षणाची मान्यता तेथे राहून मिळवावयाची. तिला ए-२ दर्जाची जर्मन भाषा लागते. चौथी वाट जून २०२४ पासूनची 'संधीपत्रा'ची. तीत नोकरी हाती नसतानाही एक वर्ष जाऊन शोधता येते; पण निदान ६ गुण भरावे लागतात, आणि तेवढा काळ पोट भरण्याची सोय दाखवावी लागते. वय, भाषा, अनुभव यांचे गुण मिळतात. परंतु येथेही मुळात २ वर्षांचे शिक्षण हवेच.

आता आपला वेल्डर घ्या. आय.टी.आय.चा वेल्डरचा अभ्यासक्रम १ वर्षाचा. हा मुलगा पाच वर्षे जहाजाच्या पत्र्यांना सांधे घालीत असेल, त्याचा सांधा क्ष-किरणाच्या तपासणीत उतरत असेल, तरी एकट्या त्या एक वर्षाच्या दाखल्यावर दुसरी आणि चौथी वाट त्याला उघडत नाही. एजंट हे सांगत नाही. तो पैसे घेतो, भाषेच्या वर्गात बसवतो आणि आठ महिन्यांनी 'वकिलातीने नाकारले' म्हणतो. वकिलातीने नाकारले हे खरे. पण ती नाकारणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते.

दुसरे उदाहरण आमच्या कचेरीतले. एक फिटर आला. एकाच शेडमध्ये, एकाच यंत्रावर ११ वर्षे. या काळात कंत्राटदार तीन झाले. माणूस तोच, यंत्र तेच, मस्टरवरचे नाव मात्र दर तीन-चार वर्षांनी नवे. नेमणूकपत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही, पगार पुष्कळ काळ रोखीने. त्याचा हात पाहून कोणताही फोरमन त्याला उद्या कामावर घेईल. पण परदेशच्या कचेरीसमोर त्याचा अनुभव किती? शून्य. अकरा वर्षांचे आयुष्य पुसून टाकावयाला रबरसुद्धा लागले नाही. मुळात ते कोणी लिहिलेच नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो, परदेशी जाण्याची लढाई चाकणला, बुटीबोरीला, वाळूजला सुरू होते. कंत्राटी कामगारांच्या १९७० सालच्या कायद्याखाली जे केंद्रीय नियम झाले, त्यांत कामगाराला नोकरीचे कार्ड आणि काम सुटताना सेवेचा दाखला द्यावा असे स्पष्ट लिहिले होते. किती कंत्राटदारांनी दिला? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांत प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र द्यावे असे म्हटले आहे. त्या संहितांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते आम्ही इतरत्र मांडले आहेत. पण ही एक ओळ तरी वसूल करून घेऊ या. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि कोणते काम कोणत्या यंत्रावर केले याचा सहीशिक्क्यानिशी दाखला, हे चार कागद ज्याच्या पेटीत आहेत त्याचा अनुभव मोजला जातो. आणि ज्याला कोठेच जावयाचे नाही त्यालाही ग्रॅच्युइटीच्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात.

आता एजंटाविषयी. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जॉबर असे. कामावर लावणे, काढणे, रजा देणे, सारे त्याच्या हातात. म्हणून त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ साली व्हिटली कमिशनने आपल्या अहवालात या लाचखोरीवर कडक टीका केली. जॉबर गेला, पण त्याची गादी रिकामी राहिली नाही. आज त्या गादीवर काचेच्या केबिनमध्ये बसलेला एजंट आहे. १९८३ सालच्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी आवश्यक केली. नियमांत त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढीच घातली गेली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९७ सालच्या ठरावाचा दंडक तर असा की, कामगाराकडून शुल्क घेऊच नये. मग लाखांचे आकडे कोठून येतात? ते 'प्रक्रिया', 'भाषांतर', 'भाषावर्ग', 'मुलाखतीची तयारी' अशा नावांनी येतात. नोंदणी क्रमांक विचारा, प्रत्येक रकमेची पावती मागा, पासपोर्ट कोणाकडे ठेवू नका. पावती म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

वेतनाचा आकडाही उघडून पाहावा. एजंट युरोचे रुपये करून सांगतो आणि घरच्यांचे डोळे दिपतात. तो आकडा कापाकापीच्या आधीचा असतो. कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी जाऊन एकट्या माणसाच्या हातून सुमारे तिसरा हिस्सा जातो. मग घरभाडे. हे पैसे वाया जात नाहीत. आजारात आणि म्हातारपणी ते कामी येतात. पण कर्जाचा हप्ता ठरविताना हातात पडणाऱ्या रकमेवरच ठरवावा.

आमचेच काही सहकारी विचारतात, "तुम्ही युनियनचे लोक, कामगारांना देश सोडण्याची वाट कसली दाखवता?" प्रश्न रास्त आहे. आपल्या करातून शिकवलेला हात दुसऱ्याच्या कामी जातो, हे आम्हांलाही बोचते. पण कोकणातला माणूस गिरणीत आला तेव्हा त्याला कोणी अडविले नाही. सोळा तासांच्या बोटीतून किंवा घाट उतरून तो पोटासाठी आला. पोटासाठी निघालेल्याला अडविणे हे युनियनचे काम नव्हे. तो स्वस्तात विकला जाऊ नये, हे काम युनियनचे.

आणि येथे जर्मन कायद्यातली सर्वांत मोलाची अट येते. परक्या कामगाराला नोकरी देण्यापूर्वी तेथील रोजगार खाते तपासते की, त्याच्या कामाच्या शर्ती तेथल्या तशाच कामगारापेक्षा वाईट तर नाहीत ना. वाईट असतील तर संमती नाही. काहींना ही आडकाठी वाटते. आम्हांला ती ढाल वाटते. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० जणांना काढून टाकले होते, हे तात्कालिक कारण. हलके वेतन आणि पट्ट्यावरचे जड काम हे खरे कारण. पुष्कळसे जर्मन कामगार बाजूला राहिले आणि संप मोडला. कामगार कामगारापासून तुटला की दोघेही हरतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, तेथील कायद्याने परदेशी कामगारांना कारखान्यातील कामगारमंडळाच्या निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क दिला होता. कागदावरचा हक्क शेडमध्ये उतरावयास वेळ लागतो आणि माणसांचा एकोपा लागतो.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे. भाषा शिका, कारण करारनामा त्या भाषेत असतो. सही करण्यापूर्वी त्याची प्रत मागा. वेतन, तास, रजा, घर आणि नोकरी सुटल्यास काय, ही पाच कलमे वाचून घ्या. शिकविण्याचा खर्च मालकाने केला असेल, तर मध्येच सोडल्यास किती परत करावयाचा हे विचारा. उतरल्यावर पहिल्या महिन्यातच तेथील युनियनचे सभासद व्हा. धातुकामगारांची 'आयजी मेटाल' ही युनियन परक्यांना दारे लावून बसलेली नाही. तीन वर्षांचे काम व निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि बी-१ दर्जाची भाषा झाली, की इतर अटी पुऱ्या करून कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, हेही ध्यानात असू द्या.

सरकारकडे आमची मागणी तीनच गोष्टींची आहे. कामाचा दाखला न देणाऱ्या कंत्राटदाराला दंड करा. एक वर्षाच्या व्यवसायशिक्षणाला जोडून दुसरे वर्ष करण्याची सोय आय.टी.आय.तच द्या. आणि भाषेचा वर्ग तालुक्याच्या गावी, फुकट, संध्याकाळच्या पाळीनंतर चालवा. राज्य सरकार जर दुसऱ्या राज्याशी माणसांचा करार करते, तर त्या माणसांची कागदपत्रे पुरी करणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे.

येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी असा मुलगा वा अशी मुलगी असेल, तर जमिनीचा उतारा काढण्याआधी त्यांचे दाखले घेऊन आमच्या कचेरीत यावे. संध्याकाळी सहानंतर आम्ही तेथेच असतो. कोणती वाट उघडी आहे आणि कोणती बंद, ते कागद पाहून सांगू. आणि कागद नसतील तर ते ज्याच्याकडून यावयाचे त्याच्या दारात तुमच्याबरोबर येऊ.