पंच्याहत्तर वॉटमध्ये बसणारं कार्ड

बेंगळुरूचा एस. पी. रोड म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांचा जुना बाजार. कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप इथे स्वस्तात मिळतात आणि हिशेबाला, अभ्यासाला पुष्कळ वर्षं पुरतात. पण घरातल्या मुलाला थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं असलं, की ग्राफिक्स कार्ड लागतं आणि त्याला वीज पुरेल का, म्हणून नजर एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर जाते.

डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० हा मिनी टॉवर घ्या. त्याचा एसएमपीएस २७५ वॉटचा. आय५-३४७० प्रोसेसरला ७७ वॉट लागतात. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ढोबळमानाने चाळीसेक. म्हणजे दीडशे वॉट उरले? कागदावर उरले. प्रत्यक्षात पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉटच मिळतात, आणि कार्डासाठी वेगळी ६ पिनांची वायर या एसएमपीएसला नसते. स्लिम कॅबिनेटमध्ये तर कार्डही लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं लागतं.

तेव्हा निवड ७५ वॉटच्या आत करायची. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ७५० टीआयने ६० वॉटमध्ये चांगलं काम करून दाखवलं. २०१९ चं जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं, पण त्याच्या काही मॉडेलांना ६ पिनांची वायर लागते, म्हणून कार्ड हातात घेऊन कड पाहावी. एएमडीचं आरएक्स ६४०० अवघ्या ५३ वॉटचं. मात्र ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर मंदावतं. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नसल्याने स्क्रीन रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी ते घेऊ नये.

आज नवं घ्यायचं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, ७० वॉटचं कार्ड सर्वांत योग्य वाटतं. इथे एक मोठी गफलत होते. ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॉट खातं आणि त्याला वेगळी वायर लागतेच. जास्त जीबी म्हणजे चांगलं, असं समजून ते घरी आणलं तर या मशीनमध्ये ते चालणारच नाही.

मग दुकानात डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीवरून ६ पिन काढणारा ॲडॉप्टर पुढे केला जातो. तो घेऊ नये. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट, आणि ६ पिनांवर कार्ड ७५ पर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं, क्वचित आगही लागते.

एसएमपीएसच बदलायचा तर ७०१० च्या मिनी टॉवरमध्ये बाजारातला २४ पिनांचा बसतो. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये डेलने बोर्डाला स्वतःची ८ पिनांची जोडणी दिली, तिथे कन्व्हर्टर लागतो. जुनं कार्ड घेणाऱ्याने स्वतःचा डेस्कटॉप सोबत न्यावा, कार्ड त्यातच बसवून घ्यावं आणि पैसे देण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण भारावर चालवून पाहावं.