तुरट चव आणि दीड एकराचा प्रश्न

आजचा विषय आहे नाशिकच्या एका वायनरीची टेस्टिंग रूम आणि तिथे चाखलेल्या चार रेड वाईन. पण आधीच सांगते, हा "टॉप फाईव्ह वाईन" टाईप एपिसोड नाही. मी काही वाईनतज्ज्ञ नाही. मी पुण्यात बॅकएंडचा कोड लिहिते आणि आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं.

तर झालं असं की, एका कंपनीचा माणूस आमच्या नानांकडे आला. नाना म्हणजे माझे वडील. प्रस्ताव असा, की दीड एकरात शिराझ लावा, पिकेल ते सगळं आम्ही घेऊ, भाव आधीच ठरवू. आता खाण्याच्या द्राक्षाचं तुम्हाला माहिती आहे. माल तयार होतो नेमका तेव्हा अवकाळी येतो, मणी तडकतात, आणि व्यापारी बांधावर उभा राहून भाव पाडतो. त्यामुळे "ठरलेला भाव" हे दोन शब्द आमच्या घरात फार गोड लागतात. पण नाना म्हणाले, "ज्या मालाचं पुढं काय होतं ते आपण पाहिलंच नाही, तो लावायचा कसा?"

मी म्हटलं, चला मग, बघून येऊ. प्रस्तावाची कंपनी वेगळी आणि आम्ही गेलो ती वायनरी वेगळी, दोघांचीही नावं मी घेणार नाहीये. आणि एक महत्त्वाचं, नाना माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी नाही. त्यामुळे त्या दिवशी वाईन मी चाखणार होते आणि गाडी नाना चालवणार होते. इतका भरवशाचा ड्रायव्हर तुम्हाला कुठल्याच ॲपवर मिळायचा नाही!

थोडी पार्श्वभूमी सांगते. नाशिकची ही वाईन फार जुनी गोष्ट नाही. सुला विनयार्ड्सची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं. मग गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरी या पट्ट्यात एकेक वायनरी उभी राहिली. म्हणजे हा सगळा उद्योग साधारण माझ्याच वयाचा आहे.

आम्ही गेलो फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या हंगामात. टेस्टिंगच्या आधी बाग दाखवतात. नाना तिथेच रमले. आमच्याकडे वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर पसरलेल्या असतात. इथे सरळ उभ्या तारांवर, कुंपणासारख्या. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, साल जाड आणि आत बी. नानांनी गाईडला विचारून एक मणी तोडला, चावला, साल बराच वेळ चघळली आणि बी तळहातावर घेऊन बघितलं. म्हणाले, "बी तपकिरी झालंय. उतरवायला हरकत नाही."

गाईड पोरगा चकित! म्हणाला, "काका, आमचे वाईनमेकरसुद्धा असंच बघतात." साखर मोजायला त्यांच्याकडे ब्रिक्स मीटर आहे, तो तर आमच्याकडेही आहे. पण साखर भरली म्हणजे फळ पिकलं असं नसतं. बी हिरवं असेल तर वाईनमध्ये कच्चा कडवटपणा उतरतो. नानांना हे कुठून माहीत? तर आजोबांच्या काळात आमच्याकडे भोकरी होती, बियांची द्राक्षं. थॉमसन सीडलेस नंतर आलं.

आता रेड वाईन लाल का असते, हे मला तिथे नीट कळलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. व्हाईट वाईन करताना रस काढतात आणि साल बाजूला करतात. रेडमध्ये साल, बी, रस सगळं एकत्र टाकीत आंबतं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकतं. दरम्यान सालीतून रंग उतरतो आणि साल-बियांमधून टॅनिन. सालीबरोबर थोडेच तास ठेवलं तर गुलाबी, म्हणजे रोझे. प्रोसेस तीच, फक्त एक पॅरामीटर बदलला. इंजिनियर खूश!

मग टेस्टिंग रूम. लांब काउंटर, समोर चार ग्लास, प्रत्येकात साधारण तीस मिली. बाजूला एक छोटी बादली. नानांनी विचारलं, "ही कशाला?" गाईड म्हणाला, "चव घेऊन थुंकायला." नाना माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "एवढं महागाचं, आणि थुंकायचं?" पण मंडळी, ती बादली शोभेची नाही. चव जिभेला आणि नाकाला कळते, पोटाला नाही.

पहिला ग्लास साध्या शिराझचा, लाकडी पिंपात न ठेवलेली. गाईडचं पाठ केलेलं वाक्य आलं, "ब्लॅकबेरी अँड प्लम नोट्स." मी आयुष्यात ताजी ब्लॅकबेरी खाल्लेली नाही, मला ती कशी सापडणार? मग मी माझ्या आठवणीतली फळं शोधायला लागले. मला जांभूळ सापडलं. पिकलेलं, जिभेला रंग लावणारं जांभूळ. आणि मागे काळी मिरी. ही मिरी कविकल्पना नाहीये बरं का. रोटंडोन नावाचं एक संयुग काळ्या मिरीत असतं आणि तेच शिराझच्या सालीतही असतं.

दुसरा ग्लास कॅबरने सोव्हिन्याँ. त्यात मला चक्क ढोबळी मिरचीचा वास आला. सांगावं की नाही कळेना. सांगितलं तर गाईड म्हणाला, "बरोबर आहे." त्यालाही कारण आहे. पायराझिन नावाची संयुगं ढोबळी मिरचीतही असतात आणि कॅबरनेतही.

तिसरा टेम्प्रानियो, मूळ स्पेनची जात. मऊ, थोडी आंबटसर, मला कोकमाची आठवण झाली. चौथी रिझर्व्ह शिराझ, ओकच्या पिंपात मुरवलेली. तिला व्हॅनिलाचा वास, कारण व्हॅनिलिन ओकच्या लाकडातूनच येतं. आणि घोट घेतल्यावर हिरड्या, गाल, सगळं एकदम कोरडं पडलं.

"हे टॅनिन," गाईड म्हणाला. "ॲस्ट्रिंजंट. बऱ्याच गेस्टना समजावून सांगायला वेळ लागतो." नाना इतका वेळ शांत उभे होते. त्यांनी ग्लास हातात घेतला, ओठाला न लावता फक्त वास घेतला आणि विचारलं, "तुरट लागतंय का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग तसं सांग ना. साल चघळली तेव्हाच कळलं होतं."

बघा, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आपल्या सहा चवींमध्ये तुरट आहेच. कच्ची सुपारी, आवळा, जास्त उकळलेला कोरा चहा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. हे सगळं आपल्या एका शब्दात आहे. तेव्हा टेस्टिंग रूममध्ये गेलात तर इंग्रजी फळांच्या यादीला घाबरू नका. करवंद आठवलं तर करवंद म्हणा. चिंच वाटली तर चिंच.

आता थोडं न आवडणारं बोलते. चार ग्लास म्हणजे १२० मिली. १३ टक्के धरले तर साडेपंधरा मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. "वाईन म्हणजे दारू नाही" हे वाक्य २०२२ मध्ये आपण भरपूर ऐकलं. मोठ्या दुकानांमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, वाद पेटला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. माझं मत सांगते. वाईन शेतमालापासून होते हे खरं, आणि ती दारू आहे हेही खरं. "रेड वाईन हृदयाला चांगली" असे फॉरवर्ड येतात, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. आणि गाडी? १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा आहे. सोबत नाना नसतील तर कॅब करा.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "नाना, मी प्यायले ते आवडलं नाही ना तुम्हाला?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवडलं नाही. पण तू माझ्यासमोर घेतलंस, मागं नाही. ते चाललं." आणि लगेच पुढे, "मला सांग, ही द्राक्षं त्यांनी नाही घेतली तर कुठं विकायची?"

मंडळी, अख्ख्या सहलीतला हाच खरा प्रश्न होता. थॉमसनचा भाव पडला तरी ती बाजारात जाते, बेदाणा होतो. शिराझचा बारका, बियांचा मणी मंडईत कोण घेणार? आमच्या भाषेत याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. २००८ नंतर मंदी आली, वायनऱ्यांकडचा माल पडून राहिला, तेव्हा आमच्या जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. वेल लावली की ती वर्षानुवर्षं ठेवायची असते, अपडेट नको म्हणून अनइन्स्टॉल करता येत नाही.

दुसऱ्या बाजूनंही बघू. वाईनच्या द्राक्षाला मणी फुगवायचा खर्च नाही, विरळणीची मजुरी कमी, एक्सपोर्टचं पॅकिंग नाही. उत्पादन कमी, पण डोक्याला तापही कमी. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. पुढच्या वेळी बाटलीची किंमत बघाल तेव्हा त्यातले शेतकऱ्याकडे किती गेले असतील, हा हिशेब मनात करून बघा. पिंप, बाटली, कर, वर्षभराची साठवण, सगळं धरूनच करा, अन्याय नको.

आम्ही त्या कंपनीला तीन गोष्टी लेखी मागितल्यात. किती ब्रिक्सला कुठला भाव. तोडणीनंतर किती दिवसांत पैसे. आणि एखाद्या वर्षी त्यांनी माल उचलला नाही तर भरपाई किती. तिन्हींची उत्तरं सहीनिशी आली तर दीड नाही, अर्ध्या एकरापासून सुरुवात. नाही आली तर थॉमसनचा मांडव आहे तसा राहील. हा निर्णय नानांचा. करारपत्र ओळ न् ओळ वाचायचं काम माझं.

तर तुम्ही जाणार असाल तर तोडणीच्या हंगामात, जानेवारी ते मार्चमध्ये जा, आधी बाग बघा, एक मणी सालीसकट चावा आणि मगच ग्लास उचला. घरी रेड उघडणार असाल तर "रूम टेम्परेचर"वर जाऊ नका, ते थंड देशांतल्या खोल्यांचं, साधारण १६ ते १८ अंश. आपल्याकडच्या मार्चमध्ये बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलेलीच बरी. आणि पीत नसाल तरी जा. आमच्या नानांना त्या खोलीत सगळ्यात जास्त कळलं, एक थेंबही न घेता.

तुमच्या घरी कुणी असा करार केला असेल, द्राक्षाचा, ऊसाचा, बटाट्याचा, कशाचाही, तर तो अनुभव मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!