बाई काय बोलली आणि कागदावर काय उतरलं

(कौटुंबिक सल्ला केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय, ‘वकिलाशिवाय कोर्टात उभी राहणारी बाई, तिची भाषा आणि न्यायाधीश’. विषय ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या बऱ्याच जणींना चिडके न्यायाधीश आठवले असतील. ‘वकील का नाही दिला?’, ‘मोठ्यानं बोला’, ‘विचारलं तेवढंच सांगा’. पण मी आज साहेबांच्या स्वभावाबद्दल फार बोलणार नाही. चांगले न्यायाधीशही आपण पाहिलेत. बाईला बसायला सांगणारे, पाणी मागवणारे, तिच्याशी तिला कळेल असं मराठीत, वेळ पडली तर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणारे. चिडक्या साहेबांच्या कोर्टात आणि प्रेमळ साहेबांच्या कोर्टात एक गोष्ट मात्र अगदी सारखी होते. बाई एका भाषेत बोलते आणि टायपिस्ट दुसऱ्या भाषेत टाइप करतो. मधलं भाषांतर साहेब करतात, तेही उभ्याउभ्या, पुढच्या पुकाऱ्याची घाई असताना. पुढे अपील झालं, की वरच्या कोर्टापुढे असतो तो फक्त हा कागद.

आपल्या केंद्रांवर रोज ऐकू येणारी वाक्यं घ्या. बाई म्हणते, ‘त्यानं भांडी फेकली, रात्रीचीच पोरीला घेतलं आणि निघून आले.’ कागदावर इंग्रजीत उतरतं: अर्जदार सासर सोडून आली. पोटगीच्या कायद्यात पुरेशा कारणाशिवाय नवऱ्यासोबत राहायला नकार देणाऱ्या बाईला पोटगी नाही. म्हणजे ‘निघून आले’ या दोन शब्दांवर तिची पोटगी टांगलेली. मागची भांडी आणि रात्र गळून पडली, की राहिलं काय? स्वतःहून घर सोडणारी बायको.

दुसरं. ‘काही काम करता का?’ ‘करते की, खुरपायला जाते.’ कागदावर: अर्जदार नोकरी करते, किंवा कमावती आहे. हंगामात हाताला काम मिळालं तर जाते आणि एरवी घरी बसते, हे त्या शब्दात मावत नाही. तिसरं तर सगळ्यात घातक. बाई वैतागून म्हणते, ‘मला त्याचं काही नको!’ आपण केंद्रात हे ऐकतो तेव्हा तिला चहा देतो आणि थांबतो. कोर्टात त्याची पुरसीस होते. पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेला चार ओळींचा लेखी कागद. त्यावर तिचा अंगठा होतो आणि वर्षभरानं कळतं, की आपण हक्क सोडून दिलाय.

‘तो नीट वागणार असेल तर जाईन नांदायला’ यातला ‘असेल तर’ टायपिस्टपर्यंत पोचतच नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या १३ व्या कलमानुसार कुठल्याही पक्षकाराला वकील हा हक्क म्हणून मागता येत नाही. हेतू चांगला होता. नवरा-बायकोनं सरळ न्यायाधीशांशी बोलावं, वकिलांच्या डावपेचात संसार भरडू नये. आपल्या चळवळीतल्या अनेकींनी त्या काळी अशा कोर्टांची मागणी केली होती. महाराष्ट्रात ही कोर्टं १९८९ पासून सुरू झाली. पण त्याच कायद्याचं १५ वं कलम वाचा. साक्ष पूर्ण लिहून घ्यायची गरज नाही, न्यायाधीशांनी तिचा सारांश नोंदवावा आणि त्यावर साक्षीदाराची व न्यायाधीशांची सही व्हावी. मॅजिस्ट्रेटपुढच्या पोटगीच्या अर्जातही तेच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ वं कलम आहे. तिथेही साक्षीचा सारांशच टिपला जातो.

बघा हं, मोठ्या खटल्यात, सेशन कोर्टात, साक्ष सविस्तर लिहायची, साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि ती त्याला न समजणाऱ्या भाषेत लिहिली असेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायची, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. जुनं कलम २७८, आताचं ३१३. आणि जिथे बाया एकट्यानं उभ्या राहतात, त्या पोटगीच्या कोर्टात मात्र सारांशावर काम. कायदा करणाऱ्यांना वाटलं, साधं प्रकरण आहे, लवकर आटपेल. बाईच्या पोटाचं प्रकरण साधं, असा हा हिशेब!

‘पण हे सगळं इंग्रजीमुळे होतं, कोर्टात मराठी आणा म्हणजे झालं’, असं कुणी म्हणेल. महाराष्ट्र सरकारनं १९९८ सालीच अधिसूचना काढून खालच्या न्यायालयांची भाषा, काही अपवाद ठेवून, मराठी केली. तरीही शपथपत्र इंग्रजीत येतं, कारण ते टाइप करणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये नमुना इंग्रजीतला असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं असा आदेश दिला. आदेश आपल्या फायद्याचा आहे, त्यामुळे नवऱ्याला उत्पन्न लपवणं अवघड होतं. पण ते शपथपत्र भलंमोठं असतं, म्युच्युअल फंडाच्या रकान्यासकट.

आणि कोर्टाची मराठी तरी कुणाच्या घरची? सबब, कैफियत, सामनेवाले, दरखास्त. उलटतपासाची ती खास वाक्यं: ‘मी खोटं सांगत आहे हे म्हणणं बरोबर नाही, हे खरं आहे काय?’ याला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’? मी मराठी शाळेत शिकले, तरी मलाही दोनदा वाचावं लागतं. मेळघाटातली कोरकू बाई घ्या. कोरकूचा मराठीशी काही संबंध नाही, ती मुंडा कुळातली भाषा. भामरागडची माडिया बाई घ्या, तिची भाषा द्रविड कुळातली. तांड्यावरची गोरमाटी बोलणारी बाई घ्या, सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या घरातली घ्या. त्यांच्यासाठी मराठी ही सरकारी माणसाची भाषा. साहेबांनी प्रश्न विचारला की त्या मान डोलावतात, ‘हो’ म्हणतात. तो ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही बोलताय ते ऐकतेय’. कागदावर मात्र तो होकार होतो. बेळगावातल्या मराठी बाईला कन्नड कागद हातात पडल्यावर जे वाटतं, ते या बायांना आपल्या मराठीपुढे वाटतं. मराठीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या भावांना आणि बहिणींना हे कुणीतरी सांगायला हवं.

मग कोर्ट काय करतं? दुभाषा शोधतं. कुठे? खोलीतच. पट्टेवाल्याला विचारतात, ‘तुला येते का रे हिची भाषा?’ नाहीतर समोरच्या वकिलाला. कधीकधी तर नवऱ्यालाच! त्याच्या माराबद्दल तिनं काय सांगितलं, ते त्यानंच साहेबांना सांगायचं. यात कुणाला वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही, काम पुढे सरकावं एवढंच असतं. पण १९६९ च्या शपथ कायद्याच्या चौथ्या कलमानुसार साक्षीचं भाषांतर करणाऱ्या दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. शपथ न देता पट्टेवाल्याकडून काम भागवणं कायद्यात बसत नाही. हे कलम वहीत लिहून घ्या.

वर गेलं की प्रश्न आणखी अवघड होतो. घटनेच्या ३४८ व्या कलमानं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत ठेवलंय. काही राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीला परवानगी मिळाली, मराठीला नाही. १९७० साली मधू लिमये यांच्या अटकेच्या प्रकरणात राजनारायण यांनी सर्वोच्च न्यायालयात हिंदीत बोलण्याचा आग्रह धरला. इंग्रजीत बोला, वकिलाला बोलू द्या किंवा लेखी म्हणणं इंग्रजीत द्या, असे पर्याय न्यायालयानं दिले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांचा हस्तक्षेप रद्द झाला. राजनारायण काही भेदरलेले गृहस्थ नव्हते! त्यांची ही गत, तर आपल्या बाईची काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये एका वयस्कर पक्षकारानं तिथेच हिंदीत बोलायला सुरुवात केली. न्यायमूर्तींनी या कोर्टाची भाषा इंग्रजी असल्याचं सांगितलं. मग हजर असलेल्या एका वरिष्ठ सरकारी वकील बाईंनी त्यांना ते हिंदीत समजावलं आणि त्यांना वकिलाची मदत देण्यात आली. वागणूक बावन्न वर्षांत नक्कीच मऊ झाली, पण ती त्या दिवशी कोर्टात कोण हजर होतं यावर अवलंबून राहिली.

मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ साली नियम केले. ज्याला स्वतःची बाजू स्वतः मांडायची आहे, तो न्यायालयाला मदत करायला सक्षम आहे का, हे आधी समिती तपासते. फाइल काखेत घेऊन इंग्रजीत नजीर मागून नजीर सांगणारे नवरे तुम्ही पाहिले असतील. ते सक्षम. गावाकडची बाई तिचं स्वतःचं आयुष्य कोणाहीपेक्षा नीट सांगू शकते, पण इंग्रजीत चालणाऱ्या कोर्टात तिला सक्षम कोण म्हणणार? तिला वकील दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पण वकील मिळाला म्हणजे भाषेचा प्रश्न मिटला, असं न्यायाधीश समजतात तिथे मी अडते. वकिलाला कोरकू येत नसेल, तर आतापर्यंत साहेबांना तिचं कळत नव्हतं, आता दोघांना कळत नाही.

न्यायाधीशांशी बोललं की एक अडचण ते मनापासून सांगतात. ‘एका बाजूला मी समजावत बसलो, तर दुसरी बाजू म्हणेल साहेब पक्षपाती आहेत.’ ही भीती मी खोटी मानत नाही. पण पुरावा कायद्याच्या जुन्या १६५ व्या कलमानं, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १६८ व्या कलमानं, न्यायाधीशाला सत्य शोधण्यासाठी कुठलाही प्रश्न विचारायचा अधिकार दिलाय. ‘निघून आलात म्हणजे का निघून आलात?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे बाईची वकिली नव्हे. कॅनडात तिथल्या न्यायाधीशांच्या परिषदेनं एकट्यानं लढणाऱ्या पक्षकारांबाबत २००६ साली तत्त्वं लिहून काढली आणि २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. कामकाज समजावून सांगणं हा न्यायाधीशाच्या कामाचाच भाग, असं त्यात धरलंय. आपल्याकडे ते साहेबांच्या चांगुलपणावर सोडलेलं आहे.

म्हणून केंद्रावर काम करताना काय करायचं? बाईला कोर्टात पाठवण्याआधी तिच्याच वाक्यांची तयारी करून घ्या. तिला नवी वाक्यं शिकवू नका, शिकवलेलं लगेच उघडं पडतं. तिनं कारण आधी सांगावं, कृती नंतर. ‘त्यानं मारलं म्हणून निघून आले.’ साक्ष संपली की सही करण्याआधी तिनं एकच वाक्य म्हणायचं: ‘साहेब, काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.’ कौटुंबिक न्यायालयात तिची सही कायद्यानंच लागते, तेव्हा सहीआधी वाचून मागण्याला कुणी आगाऊपणा म्हणू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ६ मध्येही साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत लिहिलेली साक्ष त्याच्या भाषेत समजावून सांगायचं बंधन आहे. मराठी येत नसेल तर पहिल्याच तारखेला साधा अर्ज द्या: माझी भाषा अमुक, मला शपथ घेतलेला दुभाषा मिळावा, समोरच्या पक्षाकडचा नको. न वाचता पुरसिशीवर अंगठा नाही, नवरा दारात रडत असला तरी नाही. आणि प्रत्येक तारखेनंतर रोजनामा बघा. बाई दिवसभर बाकावर बसून असते, तिचं नाव भलत्याच उच्चारात पुकारलं जातं आणि रोजनाम्यात ‘अर्जदार गैरहजर’ लागतं. एवढ्यावर अर्ज निकाली निघतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली आदेशाची प्रत फुकट मिळते. ती घ्या आणि बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवा, म्हणजे चूक असेल तर मुदतीत कळेल.

मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं, ‘ताई, असा अर्ज दिला आणि साहेब चिडले तर?’ चिडतील कधीकधी. अर्ज नामंजूरही करतील. पण नामंजूर करण्यासाठी त्यांना अर्जावर लिहावं लागेल, खाली सही करावी लागेल. त्या अर्जाची आणि आदेशाची नक्कल काढा आणि फाइलला लावा. अपिलात तो कागदही पुढे ठेवता येतो. कुठल्या केंद्रानं असे अर्ज दिले, काय आदेश झाले, दुभाषा कोण मिळाला, हे पुढच्या तीन महिन्यांत आपल्या अंकाकडे लिहून पाठवा. बाईचं नाव-गाव वगळून.