ओळखीची वाट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चाळीस वर्षे रहिमतपुरात नांदलेल्या माझ्या सासूबाई एके दिवशी भाजी घेऊन परतताना आपल्याच आळीच्या तोंडाशी थबकल्या. कोणीकडे वळावे, हेच कळेना. शेजारच्या काकूंनी त्यांना घरी आणले. मी मात्र "लक्ष कुठे असते तुमचे?" असे बोलून गेले. तो शब्द आजही मलाच टोचतो.

दोष लक्षाचा नव्हताच. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. २००५ साली मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत शेजारच्याच भागात आणखी पेशी आढळल्या. त्या जणू जमिनीवर ठिपक्यांची रांगोळी मांडून अंतर नि दिशा सांगतात. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूतही अशा पेशी आहेत. अल्झायमरच्या विकारात बहुधा हाच भाग फार लवकर झिजू लागतो. ठिपके पुसट होतात. जुन्या गोष्टी मुखोद्गत असतात, पण वाट हरवते.

एकदा चुकले म्हणून घाबरू नये. वारंवार होऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ ची उणीव असली तर तिच्यावर उपाय आहे. अल्झायमर समूळ बरा करणारे औषध अजून नाही. म्हणून घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, पिशवीत नाव-पत्ता असावा, आणि रागे भरू नये.

भगिनींनो, चौकात कुणी म्हातारे माणूस घुटमळताना दिसले, तर काकूंसारखे त्यांना घरापर्यंत पोचवा. एवढेच मागणे.