एका छपराखालचे हजार मालक



मॉलचे दिवस भरले, ऑनलाइन खरेदीने त्यांना गिळलं, असं सर्रास बोललं जातं. हे निदान मला पटत नाही. मोबाइलवरची खरेदी सगळ्या मुंबईतच शिरली. मग लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातला मॉल गजबजलेला आणि भांडुपचा ड्रीम्स मॉल ओसाड, असं का व्हावं? माझ्या मते खरा फरक मालकीत आहे. फिनिक्सचा मालक गाळे भाड्याने देतो. ड्रीम्सचे हजारभर गाळे सुटे सुटे विकले गेले.

गाळा विकला की मॉलचं गणितच मोडतं. सिनेमागृह आणि मोठं किराणा दुकान गर्दी खेचतात, म्हणून शहाणा मालक त्यांना कमी भाड्यात बसवतो आणि ती तूट छोट्या दुकानांच्या भाड्यातून भरून काढतो. गाळेधारकाने शेजाऱ्याच्या गर्दीसाठी स्वतःचं भाडं का सोडावं? तो चढ्या भाड्याची वाट बघत शटर खाली ठेवतो. चार शटरं पडली की पाचवा देखभालीचे पैसे थकवतो. मग सरकता जिना थांबतो, लोक तो साध्या जिन्यासारखा धापा टाकत चढतात. एसी बंद, छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली. मार्च 2021 मध्ये ड्रीम्सला आग लागून तिथल्या रुग्णालयातले रुग्ण दगावले, तेव्हा इमारतीला जबाबदार कोण, हा वाद चव्हाट्यावर आला.

यावर कोणी हाजी अलीच्या क्रॉसरोड्स मॉलकडे बोट दाखवील. तो तर एकहाती होता, तरी टिकला नाही. आक्षेप रास्त आहे. एकहाती मालकी आवश्यक आहे, पुरेशी नाही. जागा लहान होती, आणि 1999 साली सुरुवातीला तिथे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा खाक्या होता. गिऱ्हाइकाला दारातच पारखणारं दुकान फार दिवस चालत नाही, हे मंडईतली भाजीवालीही सांगेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. बिल्डर म्हणतो, गाळे विकल्याशिवाय भांडवल सुटत नाही. वीस वर्षांपूर्वी हे खरं होतं. पण सेबीने 2014 मध्ये रीटचे, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींचे हिस्से गुंतवणूकदारांना विकणाऱ्या ट्रस्टचे, नियम केले आणि मे 2023 मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा फक्त मॉलचा देशातला पहिला रीट बाजारात नोंदला गेला. नव्या मुंबईत सीवूड्स स्टेशनाला लागून असलेला मॉल त्यातलाच. लहान गुंतवणूकदाराला आता भिंतीतला गाळा नको, अख्ख्या मॉलचा हिस्सा घेता येतो. म्हणजे बिल्डरचं भांडवलही सुटतं आणि कारभारही एका हाती राहतो.

राहिले आधीच विकले गेलेले मॉल. तिथे सगळ्या गाळेधारकांनी क्षेत्रफळाच्या प्रमाणात भाग घेऊन एकच कंपनी करावी आणि गाळे तिच्या हवाली करावेत, असं माझं म्हणणं आहे. सगळे तयार होणार नाहीत, हे उघड आहे. पण 2019 पासून गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. राहत्या घराला जो न्याय, तो बंद शटरच्या गाळ्याला लावायला हरकत कोणाची आणि का, याचं उत्तर व्यापाऱ्यांच्या या परिषदेने ठराव करून सरकारकडे मागावं.