गोधडीतलं रेकॉर्डिंग

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



ग्रुपवर कार्यक्रमाची यादी आली, तेव्हा माझ्या नावापुढे 'गाणे' असं लिहिलं होतं. मी लगेच फोन करून ते खोडायला लावलं आणि 'मनोगत' करून घेतलं. का, ते तुमच्यापैकी निम्म्यांना तरी आठवत असेल. बाकीच्यांसाठी सांगते. जानेवारी १९९६, आपलं शेवटचं गॅदरिंग. मी भावगीत म्हणायला उभी राहिले. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याचा पहिला शब्दच आठवेना. पेटीवर बाई होत्या. त्यांनी मुखडा पुन्हा वाजवला, माझ्याकडे बघून मान हलवली. मग आणखी एकदा वाजवला. आणि मी जी विंगेतून पळाले ती थेट सायकल स्टँडपर्यंत. मागे ऐकू येत होतं, उरलेलं गाणं बाईंनी स्वतःच म्हणून पूर्ण केलं. टाळ्याही पडल्या.

त्यानंतर मी चार माणसांत गायले नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत भेंड्यांमध्येसुद्धा नाही. लग्नात उखाणा घेतला, तोही कागदावरून वाचून.

आपण मिरजेची मुलं. शाळेतून घरी जाताना सतारमेकरांच्या दुकानांसमोरून जायचो, छताला टांगलेले भोपळे बघायचो. कुणीतरी आत तंबोऱ्याची जवारी लावत बसलेलं असायचं आणि एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज गल्लीभर यायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात वाढूनही पुढे मी हातात धरली ती गिटार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबांनी बातमीचं कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, 'तुझ्या गिटारीला कधी?'

गिटार घेतली ती २०२० च्या टाळेबंदीत. ऑफिस घरात आलं, दहावीच्या वयात दाबून टाकलेलं काहीतरी त्याच वेळी वर आलं म्हणा. पुण्यातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दिवसभर मीटिंग, स्वयंपाक, मुलीची ऑनलाइन शाळा. रात्री अकरानंतरचा वेळ माझा. जुनी भावगीतं घ्यायची, पेटी-तबला-व्हायोलिन सगळं काढून टाकायचं आणि नुसती गिटार आणि आवाज ठेवायचा. याला अकूस्टिक कव्हर म्हणतात.

पहिलं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलं आणि ऐकून रडायची वेळ आली. बाथरूममध्ये बसून गातेय असं वाटत होतं. आमच्या खोलीत खाली गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना उघड्या भिंती. आवाज माईकपर्यंत सरळ पोचतो तो पोचतोच, शिवाय भिंतींवर आपटून किंचित उशिरा पुन्हा पोचतो. उपाय घरातच निघाला. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड उभे केले आणि त्यांवर आजीच्या हातच्या गोधड्या टाकल्या. जुन्या लुगड्यांचे थर आणि दाट टाके. आवाजातला कर्कशपणा इतका छान कुणी शोषत नाही. खर्जाला मात्र गोधडी पुरी पडत नाही, तो कोपऱ्यात घुमतोच. सासूबाई पहिल्या रात्री पाणी प्यायला उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, घरात गोधड्या वाळत घातल्यास आणि आत बसून कुणाशी बोलतेयस?"

मग माईक आला, तो संगणकाला जोडायचा डबा आला. इथे माझा धंदा कामाला आला. ऑफिसात आम्ही सर्व्हरचं उत्तर २०० मिलिसेकंदांत आलं तर एकमेकांची पाठ थोपटतो. गाताना हेडफोनमध्ये आपला आवाज २० मिलिसेकंद उशिरा आला, तरी जीभ अडखळायला लागते. बफर २५६ वर आणला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना साधारण ६ मिलिसेकंद, तेव्हा कुठे जमलं. पंखा बंद. फ्रिजही बंद, कारण त्याचा कॉम्प्रेसर नेमका हळव्या जागी सुरू होतो. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते. हा उपाय सुचायच्या आधी इडलीच्या पिठाचा एक मोठा डबा संगीताला अर्पण झालेला आहे.

इतकं करूनही टेक बिघडतातच. 'बाद' नावाचं एक फोल्डर आहे माझ्याकडे. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, सोसायटीचा पाण्याचा पंप आहे, सासूबाईंचा खोकला आहे. मुलगी दार ढकलून "आई, झालं का?" विचारते, ते तर कितीदा तरी आहे. २०२० मध्ये ती दहा वर्षांची होती. आता पंधराची आहे. वाक्य तेच, आवाज बदलत गेलाय. ते फोल्डर मी पुसलेलं नाही, डिस्क भरली तेव्हा नवी डिस्क आणली.

बिघडण्यावरून एक गोष्ट सांगते. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेतला मोठा रॉक गायक. जानेवारी १९८२ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी एकट्याने म्हणून ठेवली. हेतू एवढाच की, बँडला चाली कळाव्यात. ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घालून फिरायचा. पुढे स्टुडिओत पूर्ण बँड घेऊन तीच गाणी करून पाहिली, पण त्यात ती गंमत येईना. शेवटी खिशातली ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी बाजारात आली. माझी तुलना करत नाहीये, गैरसमज नको. रात्री बारा वाजता सोळावा टेक बिघडला की धीर देतात ते असले लोक, म्हणून सांगितलं.

पैसे किती मिळतात, हे विचारायला मागच्या रांगेतली मुलं टपून बसली आहेत, मला दिसतंय. नाही मिळत. शब्द माझे नाहीत, चाल माझी नाही. जाहिरात लागलीच तर तिचे पैसे बहुधा हक्कदार कंपनीकडे जातात, आणि ते रास्तच आहे.

चॅनलवर नाव नाही, चेहरा नाही. फक्त गिटारीवरचे हात दिसतात. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, माहेरीही नाही. मग गेल्या वर्षी आपल्याच वर्गातल्या एकीचा मेसेज आला. ती आत्ता तोंडावर पदर धरून हसतेय. तिने लिहिलं होतं, "दुसऱ्या कडव्याच्या आधी एवढा मोठा श्वास तुझ्याशिवाय कोण घेतं?" मी आधी नाही म्हणून सांगितलं. अर्ध्या तासाने हो म्हटलं. तिने वर्गाच्या ग्रुपवर काही टाकलं नाही, पण बाईंचा पत्ता मात्र पाठवला.

दिवाळीत मिरजेला आले तेव्हा गेले. तीस वर्षं एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं माफीचं. बाईंना आता कमी ऐकू येतं. त्यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं आणि माझे हेडफोन लावले. मी त्या गॅदरिंगचं बोलले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला नाही गं आठवत. दर गॅदरिंगला कुणी ना कुणी पळायचंच. तू ती ना, प्रयोगशाळेतून पेटी उचलून आणायचीस?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. हलकं वाटलं आणि रागही आला. एवढी वर्षं मी जे वाहत होते, त्याची पावतीसुद्धा कुणाकडे नव्हती.

मग गाणं लावलं. घाईत माझं बोट चुकलं आणि 'बाद' मधला टेक लागला, कुकरच्या शिट्टीचा. मी तो बंद करायला गेले तर बाईंनी माझा हात धरला. "थांब. शिट्टी पंचमात आली बघ." पूर्ण ऐकलं त्यांनी, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून. आणि मग सुनावलं. दुसरं कडवं मी घाईत म्हणते. (खरं आहे. शब्द निसटायच्या आत पार करायची सवय लागलीय.) "आणि काळी चार कशाला धरून बसलीयस? ती तुझी पंधराव्या वर्षाची पट्टी. आवाज उतरलाय आता, चांगला उतरलाय. काळी तीन घे."

मला हे पाच वर्षांत सुचलं नव्हतं. पहिल्या पट्टीवर कॅपो लावून जी च्या आकारात वाजवायचे, कारण शाळेत काळी चार होती. पुण्याला परतल्यावर कॅपो चौथ्या पट्टीवर नेला आणि डी च्या आकारात धरलं. वरचा षड्ज, जो पाच वर्षं ओढूनताणून लावत होते, तो निवांत लागला. ते रेकॉर्डिंग मी अजून कुठेही टाकलेलं नाही.

मला दहा मिनिटं दिली होती, त्यातली काही उरली आहेत. बाई पहिल्या रांगेत आहेत. स्टेजवर ही पेटी कुणी आणून ठेवली ते मी विचारणार नाही, हसणारी एकजण मला दिसतेय. गिटार गाडीत आहे, मुलगी आणायला गेलीय. दुसऱ्या कडव्याला मुखडा दोनदा घ्यावा लागला तर सांभाळून घ्या.

बाई, काळी तीन.