ओसरीची शोभा आणि घरचें साहित्य

आजचा माझा विषय वरकरणी अगदीं साधा आहे. दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आपल्या घराची ओसरी थोड्या खर्चांत कशी सजवावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे. परंतु या साध्या विषयाच्या पोटांत पुष्कळ घरांची एक अडचण दडलेली आहे; तिचा विचार प्रथम केला पाहिजे.

आमच्या चंदगड तालुक्यांत भात हें मुख्य पीक. शरद ऋतूंत तें शेतांत उभें असतें, किंवा नुकतेंच खळ्यावर आलेलें असतें. ऊस अद्याप कारखान्याकडे जावयाचा असतो. काजूचा पैसा उन्हाळ्यांत येऊन पावसाळ्यांत संपलेला असतो. सण दारांत आणि पैसा वाटेवर, अशी शेतकऱ्याची ही दरसालची स्थिति. नेमक्या याच वेळीं बाजारांत प्लॅस्टिकच्या फुलांचीं तोरणें आणि विजेच्या दिव्यांच्या माळा यांची गर्दी होते. शेजारच्या दारीं तीं दिसलीं, कीं मुलें आईकडे पाहतात आणि आई घरधन्याकडे पाहते. मग उसनवारी होते. आणि कार्तिक उलटतांच तेंच तोरण रंग उडून उकिरड्यावर जातें.

पैसा सणानंतर येतो हें खरें. परंतु शोभेचें साहित्य मात्र सणाच्या आधींच येऊन ठेपलेलें असतें. तें बांधावर, परसांत आणि शेतांत असतें, म्हणून आपण त्याला साहित्य समजत नाहीं, इतकेंच. तें कसें वापरावें हें आतां क्रमानें पाहूं.

प्रारंभ जमिनीपासून करावा. चार महिन्यांच्या झडीनें मातीच्या ओट्याच्या कडा ढासळतात. तांबडी माती चाळून, भिजवून, थापटून त्या आधीं सांधाव्या. माती सुकल्यावर शेणाचें सारवण करावें. ओल्या मातीवर घाईनें सारवलें, तर भेगा पडतात. भिंतीला चुना द्यावयाचा असल्यास तो आदल्या दिवशीं विरवून कापडानें गाळून घ्यावा, आणि त्यांत किंचित् नीळ घालावी. पांढरेपणा अधिक खुलतो. कळीचा चुना विरवितांना पाणी उकळूं लागतें, म्हणून मुलांना जवळ येऊं देऊं नये. खालच्या अंगाला वीतभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढला, कीं निम्मी सजावट झाली. ज्यांच्या ओसरीवर आतां फरशी आहे, त्यांनीं दाराच्या दोन बाजूंस मातीच्या कुंड्या ठेवून त्यांनाच गेरू आणि चुन्याचीं बोटें द्यावीं.

रांगोळीसाठीं बाजारांतील रंगांवांचून अडत नाहीं. तांदळाचें पीठ पांढऱ्या रेघेला उत्तम. मुंग्यांना व चिमण्यांनाही त्यांतून घांसभर मिळतें. विटेची वस्त्रगाळ पूड तांबडी, हळद पिवळी आणि कोळशाची पूड काळी, एवढ्या रंगांवर अंगण भरून निघतें.

आतां तोरण. आंब्याचीं पानें एका मापाचीं निवडावीं, देठ दोरीवरून मागें वळवावा आणि झाडूच्या हिरानें पानांतच टोंचून टाकावा. झेंडूचें फूल देठांतून ओंवूं नये, देठ मोडतो. सुई मधोमध घालावी. हा झेंडू मूळचा अमेरिका खंडांतील मेक्सिकोकडचा. पण आज त्याच्यावांचून आपला दसरा साजरा होत नाहीं. त्याचें बीं विकत आणण्याचें कारण नाहीं. वाळलेल्या फुलांतील काळ्या काड्या कागदाच्या पुडींत जपाव्या आणि पुढील पावसाळ्यांत परसांत टाकाव्या. पेरणीपासून सुमारें दोन ते अडीच महिन्यांत फूल येतें, हा हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे दसरा साधतो.

तोरणांत सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे भाताची लोंबी. दाणा भरून पिवळा पडूं लागला आहे, पण काडी अजून हिरवट आहे, अशा वेळीं मूठभर लोंब्या कापाव्या आणि सावलींत उलट्या टांगून सुकवाव्या. उन्हांत वाळविल्यास दाणे झडतात. नंतर काड्यांची वेणी घालून ती दारावर बांधावी. तिलारी घाट उतरून कोंकणांत गेलें, तर तेथें ‘नवें’ बांधण्याची रीत आहे. भाताची लोंबी, नाचणीचें कणीस, आंब्याचें पान आणि झेंडू यांची जुडी करून ती दाराला लावितात. आमचा तालुका हा सरहद्दीचा. 1956 सालीं राज्यपुनर्रचनेच्या वेळीं तो बेळगांव जिल्ह्यांतून कोल्हापूर जिल्ह्यांत आला. एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला गोवा आणि घाटाखालीं कोंकण. तेव्हां शेजाऱ्याची चांगली रीत उचलण्यांत आम्हांला संकोच कशाचा?

दिवाळीच्या आकाशकंदिलासाठीं सारख्या लांबीच्या बारा कामट्या पुरतात. चार-चार कामट्यांचे दोन चौकोन बांधावे आणि उरलेल्या चार उभ्या लावून ते जोडावे. सांधे दोऱ्यानें घट्ट आवळावे. चार बाजूंस पतंगी कागद कणकेच्या खळीनें चिकटवावा. वरची व खालची बाजू मोकळी ठेवावी. खालच्या कडेला कागदाच्या झिरमिळ्या लावाव्या. आंत कमी शक्तीचा एलईडी दिवाच टांगावा. जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा कागदाजवळ नको. कामट्या जपून ठेवल्यास पुढील वर्षीं फक्त कागदाचा खर्च येतो.

मुलांच्या हातीं किल्ला सोंपवावा. दगड, विटांचे तुकडे आणि फाटकें पोतें यांवर चिखल लिंपला, कीं डोंगर उभा राहतो. पांच-सहा दिवस आधीं त्यावर अळीव पेरले, तर दिवाळीपर्यंत हिरवळ येते. किल्ला कोणता करावा, असें मुलांनीं विचारलें, तर त्यांना दूर पाठवूं नये. पारगड, महिपाळगड, कलानिधिगड आणि गंधर्वगड हे आपल्याच तालुक्यांतले. शक्य तर त्यांतील एक आधीं पाहून यावा आणि मग अंगणांत बांधावा. दरवाजा कोणत्या बाजूला, पाणी कोठें, हें ज्या मुलानें आपल्या हातानें मातींत मांडलें, त्याला तो गड पुन्हां शिकवावा लागत नाहीं.

एक वस्तु मात्र अवश्य विकत घ्यावी, आणि ती कुंभाराकडूनच: पणती. कामट्या घरीं निघत नसतील, तर त्या बुरुडाकडून घ्याव्या. थोडक्या खर्चाचा अर्थ गांवांतील कारागिराचा घांस तोडणें असा नव्हे. उलट, बाहेरच्या मालावर जाणारे रुपये वांचले, तर त्यांतील दोन या घरांकडे वळवितां येतात. नवी पणती रात्रभर पाण्यांत बुडवून, पुसून वाळवावी. म्हणजे ती तेल कमी पिते.

कोणी म्हणतील, “एवढा वेळ कोणापाशीं आहे?” प्रश्न योग्य आहे. ज्या घरांत दोन म्हातारीं माणसेंच राहतात, तेथें हें सारें होणार नाहीं. अशीं घरें आमच्याकडे थोडीं नाहींत. मुलें गोव्याला, बेळगांवला, मुंबई-पुण्याला पोटामागें गेलेलीं असतात आणि दिवाळीला येतात. अशा घरीं शेजारच्या मुलांनीं जावें. एक तोरण अधिक ओंवावें, अंगणांत चार रेघा ओढाव्या. रात्रीच्या एस. टी.नें उतरणाऱ्या माणसाला आपल्या ओसरीवर उजेड दिसला पाहिजे. तो किती रुपयांचा आहे, हें तो विचारणार नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, या वर्षीं बाजारांत जाण्यापूर्वीं एकदां बांधावरून फिरून यावें. जें लागेल त्यांतील बहुतेक तेथेंच सांपडेल. उरेल तें दोरा, कागद आणि पणत्या एवढेंच. त्यासाठीं कोणापुढें हात पसरण्याची पाळी येऊं नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.